हातात किती पडतं
(लघु माहितीपट, निवेदन)

[दृश्य: मिसिसागा, कॅनडा. खेळाच्या सामानाचं दुकान. भिंतीला टेकून उभ्या केलेल्या स्टिक्सची लांब रांग. कॅमेरा एका दांड्याच्या अगदी जवळ. छापलेलं अक्षर ‘एल’. शेजारच्या स्टिकवर ‘आर’.]

आपण ज्या हॉकीवर वाढलो, तिच्यात डावखुरी स्टिक नसतेच. खडकीच्या धनराज पिल्लेंच्या हातात होती तीही एकाच बाजूने सपाट, आणि ती सगळ्यांसाठी उजव्याच हाताची. बर्फावरच्या हॉकीत मात्र दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, डावी देऊ की उजवी?

पाच वर्षांच्या पोराला काय कळणार! बाप आधी एक हातात देतो, मग दुसरी. पोरगं फरशीवर दोनदा घासून बघतं आणि एक घट्ट धरून बसतं. झालं, हात ठरला.

[दृश्य: सकाळचा सराव. दोन बचावपटू पाठमोरे, उलट्या दिशेने सरकत येतात. स्केट्सच्या पात्यांचा खरखराट. निवेदन नाही, 10 सेकंद.]

सामन्याला बर्फावर उतरण्यासाठी वीस जण तयार असतात. बारा आघाडीचे, दोन गोलरक्षक आणि सहा बचावपटू. हे सहा कधी एकेकटे खेळत नाहीत. त्यांच्या तीन जोड्या असतात. जोडी एकत्र कठड्यावरून उडी मारते, पाऊण मिनिट जीव तोडून पळते आणि एकत्रच बाकावर येऊन बसते.

आता हाताकडे नीट बघा. डावीकडच्याची स्टिक डावी, उजवीकडच्याची उजवी. कडेच्या फळीला घासत पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, येतो तेव्हा स्टिकच्या पात्याची पुढची बाजू आधीच त्याच्याकडे वळलेली असते.

[दृश्य: तीच हालचाल संथ गतीत. यावेळी उजव्या बाजूला डावी स्टिक असलेला खेळाडू. पक पात्याच्या पाठीवर आदळून उडतो.]

आणि हे उलट्या बाजूचं. पक पाठीवर घ्यायचा, अंग वळवायचं, मग पास द्यायचा. तेवढ्यात समोरचा अंगावर आलेला असतो. म्हणून प्रत्येक प्रशिक्षकाला एक डावा आणि एक उजवा अशी जोडी हवी असते. डावे भरपूर मिळतात, उजवे मोजके. मोजक्या मालाचा भाव काय होतो हे मराठी माणसाला आंब्याच्या पहिल्या पेटीवरून ठाऊक आहे.

[दृश्य: फ्लोरिडा. दलदलीवरून उगवणारा सूर्य. तिथून कॅमेरा सनराइज गावातल्या स्टेडियमच्या वाहनतळावर. चड्डी-चपलांवर आलेले प्रेक्षक, हातात प्लास्टिकचे उंदीर.]

बाहेर ताडाची झाडं, आत बर्फ. आणि हे उंदीर! 1995 साली कपडे बदलण्याच्या खोलीत शिरलेला एक उंदीर स्कॉट मेलनबी या खेळाडूने स्टिकच्या फटक्यात मारला आणि त्याच रात्री दोन गोल केले. त्यावरूनच आता फ्लोरिडा पँथर्स, म्हणजे एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या हॉकी लीगमधला इथला संघ, जिंकला की प्रेक्षक बर्फावर उंदरांचा पाऊस पाडतात.

हल्ली तो पाऊस वरचेवर पडतो. 2023, 2024, 2025, सलग तीन वर्षं हा संघ अंतिम फेरीत. त्यातली दोन वर्षं स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, घरी.

[दृश्य: ताफ्याच्या छायाचित्रांमधून गुस्ताव फोर्सलिंग. नंतर त्याची स्टिक, पक हिरावून घेताना.]

हा फोर्सलिंग, स्वीडनचा, डाव्या हाताचा. 2014 साली, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, व्हँकुव्हरच्या संघाने पाचव्या फेरीत निवडला आणि खेळवण्याआधीच देऊन टाकला. मग शिकागो, मग कॅरोलायना. जानेवारी 2021 मध्ये कॅरोलायनाने त्याला खालच्या लीगमध्ये पाठवायचं ठरवलं. असं करताना खेळाडूचं नाव आधी सगळ्या संघांपुढे ठेवावं लागतं. ज्याला हवा त्याने न्यावा, बदल्यात काही द्यायला नको. फ्लोरिडाने हात वर केला आणि तो फुकटात पदरात पडला.

तीन वर्षांनी, 2023-24 च्या हंगामात, अधिक-उण्याच्या हिशेबात, म्हणजे तो बर्फावर असताना संघाने केलेले गोल वजा खाल्लेले गोल, तो अख्ख्या लीगमध्ये पहिला होता, अधिक 56. मार्च 2024 मध्ये त्याने आठ वर्षांच्या करारावर सही केली, वर्षाला 57 लाख 50 हजार डॉलर. त्याच्या तोडीच्या बचावपटूला हे कमीच.

कमी का? तिथेच यायचंय.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. वही, कॅल्क्युलेटर, वाफाळता चहा.]

2004-05 चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात बुडाला. त्यातून पगाराची मर्यादा आली, म्हणजे सॅलरी कॅप. पहिल्या वर्षी संघामागे 3 कोटी 90 लाख डॉलर, 2024-25 मध्ये 8 कोटी 80 लाख. सगळ्यांना सारखी. बत्तीस संघ, पंचवीस अमेरिकेत आणि सात कॅनडात, सगळ्यांनी एकाच मापाने जेवायचं.

पण माप कशाचं? टॅक्स कापण्याआधीच्या पगाराचं. करारातली एकूण रक्कम भागिले वर्षं, आणि तो आकडा कॅपवर चढतो. खेळाडूच्या हातात किती पडतं याच्याशी कॅपला देणंघेणं नाही.

वहीत मांडू. फोर्सलिंगचे 57 लाख 50 हजार. अमेरिकेच्या केंद्रीय आयकराचा वरचा दर 37 टक्के. फ्लोरिडा राज्याचा आयकर शून्य. उरले साधारण 36 लाख. आता टोरंटो. केंद्र आणि ऑन्टारिओ प्रांत मिळून वरचा दर 53.53 टक्के. तेच 36 लाख हातात पडायला टोरंटोने त्याला किती द्यावे? जवळपास 78 लाख. म्हणजे वर्षाला वीस लाख डॉलर जास्त, एकाच माणसासाठी, आणि तेही त्याच 8 कोटी 80 लाखांतून.

[दृश्य: पेन वीस लाखांच्या आकड्याभोवती गोल काढतं.]

हिशेब ढोबळ आहे, कबूल. परगावच्या सामन्यांचा कर त्या त्या राज्यात भरावा लागतो. कॅलिफोर्नियात आठवडा काढला की फ्लोरिडाचा खेळाडूही कापला जातो. करसल्लागारही झोपलेले नसतात. फरक थोडा आक्रसतो, पुसला जात नाही.

आणि हे वीस लाख जातात कुठे?

[दृश्य: पँथर्सची तिसरी जोडी बर्फावर उतरते.]

इथे. 2025 ला कप जिंकताना तिसऱ्या जोडीत होते दिमित्री कुलिकोव्ह आणि नेट श्मिट. कुलिकोव्हचा करार वर्षाला 11 लाख 50 हजारांचा, श्मिटचा 8 लाखांचा. बेरीज साडेएकोणीस लाख. पहिल्या जोडीतल्या एका करारावर वाचलेल्या पैशांत तिसरी जोडी आख्खी बसली.

मधल्या जोडीचीही गंमत बघा. ब्रँडन मोंटूर 2024 मध्ये जास्त पैशांसाठी सिअ‍ॅटलला गेला, आणि सिअ‍ॅटल जिथे आहे त्या वॉशिंग्टनमध्येही पगारावर राज्याचा कर नाही. त्याच्या जागी मार्च 2025 मध्ये शिकागोहून सेथ जोन्स आणला. उजवा हात, वर्षाला 95 लाख. त्यातले 25 लाख शिकागोच भरत राहणार, असा सौदा ठरला.

आणि फोर्सलिंगच्या उजव्या अंगाला एरन एकब्लॅड, 2014 च्या निवडीतला पहिला क्रमांक. जुना करार वर्षाला 75 लाखांचा होता. जून 2025 मध्ये, दोन कप जिंकून, वयाच्या 29 व्या वर्षी, उजव्या हाताच्या या खेळाडूने नवा करार केला. आठ वर्षं, वर्षाला 61 लाख. आधीपेक्षा कमी. त्यात टॅक्स किती आणि सोबत्यांची गोडी किती, हे तोच जाणे.

[दृश्य: टोरंटो. स्टेडियमबाहेरचा चौक, मोठा पडदा, निळ्या जर्सींची गर्दी. 18 मे 2025.]

टोरंटोवाले हात जोडून बसले नव्हते. त्यांचं हत्यार म्हणजे सही करतानाचा बोनस. अमेरिकेत राहणाऱ्या खेळाडूच्या अशा बोनसवर, दोन देशांच्या करारानुसार, कॅनडा जास्तीत जास्त 15 टक्के कर घेऊ शकतो. 2018 मध्ये जॉन टवारेस न्यूयॉर्कहून टोरंटोला आला. सात वर्षं, 7 कोटी 70 लाख, त्यातला मोठा भाग बोनस. पहिल्या बोनसचे 1 कोटी 52 लाख 50 हजार. कॅनडाच्या करखात्याने ते पगारातच धरले आणि व्याजासकट सुमारे 80 लाखांची मागणी काढली. टवारेस टॅक्स कोर्टात गेला.

दुसरा उपाय म्हणजे करार लांबवणं. क्रिस टानेव्ह, उजव्या हाताचा बचावपटू, 34 वर्षांचा. त्याला सहा वर्षं दिली. चाळिशीतली वर्षं कोण खेळतं? पण भागाकार मोठ्या आकड्याने केला की वर्षाचे 45 लाखच दिसतात.

[दृश्य: पडदा. सेथ जोन्सचा फटका. गर्दी शांत.]

तरी चार आघाडीपटूंवर मिळून 4 कोटी 66 लाख अडकले होते, निम्म्याहून जास्त कॅप. 2025 च्या बाद फेरीत टोरंटो-फ्लोरिडा मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात पहिला गोल फ्लोरिडाचा, आणि तो केला बचावपटू जोन्सने. शेवटी 6-1. उन्हाळ्यात त्या चौघांतला मिच मार्नर वेगासला गेला, वर्षाला 1 कोटी 20 लाखांवर. वेगास जिथे आहे त्या नेवाडातही राज्याचा आयकर नाही. टोरंटोला 1967 नंतर कप नाही.

[दृश्य: चौकातून पांगणारी गर्दी. निवेदन नाही, 12 सेकंद.]

लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांना हा मुद्दा मान्य नाही. फ्लोरिडाचे संघ हरत होते तेव्हा कोणी टॅक्सचं नाव काढलं नाही, असं त्यांचं म्हणणं. तेही खोटं नाही. 2001 ते 2011 या काळात पँथर्स सलग दहा हंगाम बाद फेरीत पोचले नव्हते, आणि कर तेव्हाही शून्यच होता. टवारेसनेही 2025 मध्ये टोरंटोतच राहण्यासाठी आपला भाव 1 कोटी 10 लाखांवरून 44 लाखांच्या आसपास उतरवला. घरचं गाव, दुसरं काय.

पण 2020 ते 2025 या सहा अंतिम लढतींपैकी प्रत्येकीत राज्य-आयकर नसलेल्या भागातला किमान एक संघ होता. पाच कप त्यांनीच नेले. बत्तीसांत असे संघ फक्त सहा. चांगला व्यवस्थापक सगळीकडे लागतो, त्याच्या हातात वीस लाख जास्त असले तर तो आणखी चांगला दिसतो.

लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या, सप्टेंबर 2026 पासूनच्या नव्या करारात संघाला आपल्या खेळाडूला आठऐवजी सातच वर्षं देता येतील, आणि सहीच्या बोनसवरही मर्यादा येईल. टॅक्सबद्दल काही नाही.

[दृश्य: मिसिसागातलं रात्रीचं उघडं रिंक. दिव्याखाली सात-आठ वर्षांची मुलं. प्रशिक्षक दोघांना जोडीने उभं करतो.]

या जोडीत दोघंही डावेच आलेत. एकाला उजव्या बाजूला जावं लागणार. प्रशिक्षक बोट दाखवतो, लाल टोपीवाला कुरकुरत सरकतो.

[दृश्य: फळीला घासत येणारा पक. लाल टोपीवाल्याच्या पात्याची पाठ. पक निसटतो, निळ्या रेषेबाहेर जातो. तो मागे पळतो. आवाज फक्त पात्यांचा.]