रानपिंगळ्याच्या पायातली चिठ्ठी

लंडनच्या वायव्येला ट्रिंग नावाचं एक लहान गाव आहे. ब्रिटनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचा पक्षीसंग्रह १९७०च्या दशकापासून इथे ठेवलेला आहे. काचेआड मांडलेले पक्षी वेगळे. अभ्यासाचे पक्षी कपाटाच्या खणांत पाठीवर ओळीने निजवलेले असतात. आत कापूस, पोटावर शिवण आणि पायाला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी. पक्षी कुठे मिळाला, केव्हा, कोणाला, हे तिच्यावर शाईने लिहिलेलं. ती चिठ्ठी गेली, तर उरतात नुसती पिसं.

इथल्या भारतीय पक्ष्यांचा फार मोठा साठा अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडून आला. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला ठाऊक असलेले, तेच ह्यूम. सिमल्याला रॉथनी कॅसल या घरी त्यांनी स्वतःचं संग्रहालय उभारलं होतं. तिथली पंचवीस वर्षांच्या टिपणांची हस्तलिखितं एका नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकली. ह्यूम यांचं मनच उडालं. १८८५ मध्ये त्यांनी पक्षी, घरटी, अंडी मिळून सुमारे ८२,००० नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले; आजचं नैसर्गिक इतिहास संग्रहालय तेव्हा त्याचाच भाग होतं. ते न्यायला तिथल्या पक्षीसंग्रहाचे प्रमुख रिचर्ड बाउडलर शार्प सिमल्याला आले आणि देवदाराच्या ४७ पेट्या भरल्या. कातडी बचावली, चिठ्ठ्या बचावल्या. त्या रद्दीत मात्र काय काय गेलं असेल, या विचाराने आजही हळहळ वाटते.

याच ह्यूम यांनी १८७३ मध्ये एका छोट्या घुबडाचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. आज छत्तीसगडमध्ये असलेल्या बसना भागात एफ. आर. ब्लेविट यांना ते मिळालं होतं. हाच आपला रानपिंगळा. पुढे मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांना खानदेशात, शहादा-तळोद्याकडे, आणखी काही मिळाले. त्यांचा शेवटचा नमुना १८८४चा. जगभरच्या संग्रहालयांत या पक्ष्याची कातडी मोजून सात.

त्यांतल्या एकावर मात्र वेगळीच नोंद होती: १९१४, मांडवी, गुजरात. देणारे कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन, त्या काळातले नावाजलेले पक्षीतज्ज्ञ. सालिम अली आणि अमेरिकन पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ली यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, तेव्हा त्यांनी या नोंदीवरही भरवसा ठेवला होता. पक्षी सापडला नाही. तो नामशेष झाला असावा, असं धरलं गेलं.

१९९०च्या दशकात अमेरिकन संशोधक पामेला रासमुसेन यांनी हे नमुने पुन्हा हाती घेतले. नायजेल कॉलर यांच्यासोबत त्यांनी १९१४च्या पक्ष्याची कसून तपासणी केली, क्ष-किरणही वापरले. शिवण उसवून तो नव्याने भरलेला निघाला. पण मूळ भरणीच्या खुणा आत राहिल्या होत्या आणि त्या डेव्हिडसन यांच्या हातच्या कामाशी जुळत होत्या. म्हणजे संग्रहालयातलाच पक्षी उचलून त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. परवानगीवाचून नमुने नेल्याबद्दल याच माइनर्ट्झहॅगन यांना १९१९ मध्ये पक्षीविभागात काही काळ बंदी झाली होती. तरीही १९५४ मध्ये त्यांचा सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह संग्रहालयाने स्वीकारला. विज्ञानात याहून मोठा विश्वासघात कोणता?

मांडवी बाद झाली. उरल्या खऱ्या चिठ्ठ्या. त्या हाती धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट भारतात आले. आधी पूर्वेकडची ठिकाणं पालथी घातली, मग खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७च्या सकाळी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्या झाडावर भर उजेडात एक पिंगळा बसलेला दिसला. डोक्यावर नेहमीच्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नाहीत. पाय पांढऱ्या, दाट पिसांनी झाकलेले. ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा दिसला होता.

त्यानंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट इथेही तो आढळला. आणि २०१४ मध्ये मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यात. ते नाव कुठल्याच जुन्या चिठ्ठीवर नव्हतं.