मागील पानावरून पुढे

नमस्कार. फलकावर विषय लिहिला आहे, ‘न खेळलेल्या गेम्सचा ढीग कसा उपसावा’. आयोजकांनी ४५ मिनिटं दिली आहेत. यादी कशी लावायची, आधी कोणता गेम घ्यायचा, काय काढून टाकायचं, हे सगळं येणार आहे. त्याआधी एक मुद्दा मात्र मांडायचाच आहे. तो पटला नाही तर यादी कितीही नेटकी लावा, दोन महिन्यांत ती पुन्हा तशीच होते.

ज्यांच्या लायब्ररीत, म्हणजे विकत घेतलेल्या व्हिडिओ गेम्सच्या यादीत, शंभराहून जास्त गेम आहेत, त्यांनी उजवा हात वर करा. बरेच आहेत. आता ज्यांचे दहाहून जास्त गेम अर्ध्यावर सुटले आहेत, त्यांनी डावा हात वर करा. बघा, डावे हात जास्त आहेत! मागच्या रांगेत काहींचा फक्त डावाच वर आहे.

तोच माझा मुद्दा. न खेळलेला गेम कुणाला त्रास देत नाही, त्रास देतो तो अर्धवट सोडलेला. लोणच्याची बरणी बंद असेल तर वर्षभर टिकते. एकदा ओला चमचा लागला की बुरशी धरते. आपला बॅकलॉग, म्हणजे हा साचलेला ढीग, म्हणजे बहुतेक ओला चमचा लागलेल्या बरण्या.

हिशेब करून पाहू. समजा ३०० गेम आहेत आणि सरासरी १२ तासांचा एक. म्हणजे ३,६०० तास. नोकरी-घर सांभाळून आठवड्याला ६ तास मिळाले तर वर्षाचे ३१२ तास होतात, म्हणजे साडेअकरा वर्षं लागतील. हा आकडा ऐकून लोक सेलला दोष देतात. पण त्यातले २० गेम तुम्ही प्रत्येकी १० तास खेळून सोडलेत आणि पुढे पहिल्यापासून सुरू करावे लागले, तर २०० तास पाण्यात गेले. जवळजवळ आठ महिन्यांचं खेळणं. सेलमध्ये घेतलेला गेम पैसे नेतो, अर्धवट सोडलेला गेम वेळ नेतो.

सुटतो कसा, तेही पाहा. ‘द विचर ३’ घ्या. २०१५ चा, पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा. मुख्य कथा सुमारे ५० तासांची, बाजूच्या कामांसह शंभराच्या घरात. पंचवीस तास झाले, मग परीक्षा आली किंवा घरात लग्न निघालं आणि तीन महिने गेले. परत सुरू केलात तर नोंदवहीत वीस कामं उघडी. हा माणूस कोण, याला आपण काय कबूल केलं होतं, पिशवीतलं हे तेल कोणत्या राक्षसावर चालतं, काहीच आठवत नाही. पहिल्याच मारामारीत बोटं चुकतात, कारण मधल्या काळात तुम्ही ‘डार्क सोल्स’ खेळलात आणि तिथे वार खांद्याच्या बटणावर असतो, इथे समोरच्या बटणावर. दोनदा मेलात, चिडलात, बंद केलात आणि नवा गेम उघडला. नव्या गेममध्ये कुणीतरी बोट धरून शिकवतं ना! दोन आठवड्यांनी तोही सुटतो. यात आळस कुठेच नाही. परतीची वाट अवघड आहे आणि सुरुवातीची वाट सोपी, म्हणून माणूस आरंभशूर होतो.

आता थोडं मागे जाऊ या. मला हा भाग फार प्रिय आहे. इथे चाळिशीच्या पुढचे बरेच आहेत. ‘समुराई’, ‘मीडिया’ या नावांचे, टीव्हीला जोडून गेम खेळायचे डबे आठवत असतील. त्यांची कॅसेट, ती फुंकून घालणं, आणि ‘९९९९ इन १’ म्हणून विकलेली कॅसेट, ज्यात खरे गेम मोजके आणि तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. त्या ‘मारिओ’त किंवा ‘काँट्रा’त सेव्ह हा प्रकारच नव्हता. बसलात की पहिल्या लेव्हलपासून, उठलात की सगळं गेलं. म्हणून तर ‘काँट्रा’त वर-वर-खाली-खाली करून ३० जीव घ्यायचे. तेव्हा अर्धवट गेमच नव्हते, कारण अर्धवट राहायला जागा नव्हती.

त्याच काळात जपानमध्ये काय चाललं होतं? १९८६ चा पहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ एका बैठकीत संपणारा नव्हता, आणि कॅसेटमध्ये आठवण ठेवायची सोय नव्हती. मग गेममधला राजा तुम्हाला वीस अक्षरांचा मंत्र सांगायचा. त्याचं नावच ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’. तो कागदावर लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर एकेक अक्षर भरायचं, की तुमचा नायक त्याच पैशांनिशी, त्याच हत्यारांनिशी उभा राहायचा. १९८७ च्या दुसऱ्या भागात मंत्र लांबून ५२ अक्षरांपर्यंत गेला. जपानी लिपीत ‘नु’ आणि ‘मे’ ही अक्षरं फार सारखी दिसतात, काही अक्षरांना कडेला दोन बारीक रेघा असतात, आणि टीव्ही असे जुने, पडदा थरथरणारा. एक अक्षर चुकलं की सगळा खेळ गेला. मुलं मंत्र दोनदा लिहून ताडून बघायची. १९८८ च्या तिसऱ्या भागात कॅसेटमध्येच बॅटरी आली आणि मंत्र संपला.

इथेच एक गोष्ट निसटली असं मला मनापासून वाटतं. बॅटरीने यंत्राची आठवण सांभाळली. खेळणाऱ्याच्या आठवणीचं काय? कागद-पेन घेऊन बसणारा मुलगा त्याच पानावर खाली लिहायचाच ना, की किल्ली उत्तरेच्या गुहेत आहे. कागद गेला तसं तेही गेलं. आज यंत्राला सगळं आठवतं: तुमच्या पिशवीत किती बाण आहेत, कोणतं दार उघडं आहे. तुम्हाला काहीच आठवत नाही, आणि तो फरक भरून काढायची जबाबदारी बहुतेक गेम घेत नाहीत. शिकवणी पहिल्या तासात एकदा, मग पुन्हा कधी नाही. मालिकावाले रोज ‘मागील भागात’ दाखवतात. पोथी वाचणारे मोरपीस ठेवून पोथी मिटतात. आणि शंभर तासांच्या गेमला तेवढं का जमू नये?

काहींना जमलं आहे, त्यांचं नाव घेतलंच पाहिजे. ‘पोकेमॉन फायर-रेड’, २००४. सेव्ह उघडलं की तुम्ही शेवटी केलेल्या काही गोष्टी आधी पडद्यावर सरकतात. ‘अ‍ॅलन वेक’, २०१०. प्रत्येक भागाच्या आरंभी मालिकेसारखा मागोवा. ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’ सेव्ह उघडताना आतापर्यंतची कथा थोडक्यात सांगतो. ‘विचर ३’ मध्येही लोड होताना नायकाच्या शाहीर मित्राच्या आवाजात कथा येते. लोक ती बटण दाबून उडवतात. कृपा करून उडवू नका. आणि ‘आउटर वाइल्ड्स’, २०१९. तिथे तर रचनाच अशी की २२ मिनिटांनी जग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि जे कळलं तेवढं यानातल्या नोंदपटावर धाग्यांनी जोडून उरतं. महिन्याने परत या, पट वाचा, कुठला धागा सुटा आहे ते दिसतं. नोकरदार माणसासाठी याहून चांगली रचना माझ्या पाहण्यात नाही.

बाकी गेम हे करत नाहीत, तर ते आपण करायचं. परतीची चिठ्ठी. गेम बंद करण्याआधी तीन मिनिटं, तीन ओळी. पहिली: मी कुठे आहे. दुसरी: पुढचं एकच काम. तिसरी: बोटांसाठी, म्हणजे ‘चकवा गोल बटणावर, ढाल डाव्या खांद्यावर, भाला अजून वापरलेला नाही’. लोक तिसरी ओळ गाळतात, आणि परतल्यावर सगळ्यात आधी तीच लागते. स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या अ‍ॅपमध्ये, शिफ्ट-टॅब दाबून येणाऱ्या पडद्यात २०२३ पासून त्या-त्या गेमची वही आहे, तिथे लिहा, ती दुसऱ्या संगणकावरही दिसते. कन्सोलवर नकाशाचा स्क्रीनशॉट घ्या आणि चिठ्ठी फोनमध्ये ठेवा. गेमच्या नावाने ठेवा, तारखेने नको. तारखेने ठेवलेली सापडत नाही.

थांबायचं कुठे, तेही ठरलेलं असावं. आपण बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, मेला की थांबतो, छान वाटतं म्हणून. ती सगळ्यात वाईट जागा. धागा संपलेला असतो आणि समोर अनोळखी प्रदेश. बॉस मेल्यावर दहा मिनिटं पुढे जा, नवं काम हातात घ्या, गावात किंवा तळावर परत या आणि तिथे थांबा. शिवण ठेवून उठताना सुई ओवून ठेवतात, तसं. गुहेच्या मध्यात थांबू नका, परतल्यावर दिशाच कळत नाही. आणि ऑटोसेव्हवर, म्हणजे गेम आपोआप करतो त्या सेव्हवर, विसंबू नका, हाताने वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करा. बऱ्याच गेममध्ये ऑटोसेव्ह दोन-तीनच ठेवले जातात आणि जुने पुसले जातात.

परततानाची पद्धत अशी. पहिली पंधरा मिनिटं पुढे जायचंच नाही. सेटिंगमध्ये बटणांचा तक्ता उघडून वाचा. सोप्या जागेत जाऊन चार किरकोळ शत्रू मारा. नोंदवहीत एक सोडून सगळ्या कामांचा पाठलाग बंद करा, म्हणजे नकाशावर एकच खूण उरते. अवघडपणा एक पायरी खाली आणा, तासाभराने परत वर न्या. आणि खेळ पाच तासांपेक्षा कमी झाला असेल नि सहा महिने उलटले असतील, तर सरळ पहिल्यापासून सुरू करा, ते स्वस्त पडतं. अर्ध्याच्या पुढे गेलेला गेम मात्र पुन्हा सुरू करू नका. कथेचा सारांश वाचून पुढे चालू लागा.

आयोजक घड्याळ दाखवत आहेत. दहाच मिनिटं? बरं. मग फलकावरचा विषय आता भराभर.

यादी लावताना आधी आपोआप मरणारे गेम वर घ्या. ज्यांना कंपनीचा सर्व्हर लागतो ते. ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद झाला आणि विकत घेतलेल्यांनाही खेळता येईना. निन्टेन्डोच्या वी-यू आणि ३डीएस या जुन्या कन्सोलच्या ऑनलाइन दुकानांत २७ मार्च २०२३ नंतर काही विकत मिळत नाही, एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला मिटलं. गेम पासवर, म्हणजे एक्सबॉक्सच्या वर्गणीवर, खेळत असाल तर ‘लवकरच जाणारे’ ही यादी दर पंधरवड्याला पाहा. जो गेम जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेऊन त्याची इन्स्टॉलर फाइल स्वतःच्या डिस्कवर ठेवली आहे, तो सगळ्यात शेवटी ठेवा, तो कुठे पळत नाही.

मग लांबी. ‘हाऊ लाँग टू बीट’ या संकेतस्थळावर प्रत्येक गेमचे तीन आकडे असतात: फक्त कथा, कथा अधिक बाजूची कामं, आणि सगळंच्या सगळं. पहिला आकडा लिहून घ्या. शेवटची नामावली आली की गेम झाला, असं आधीच ठरवा. एका वेळी एक मोठा आणि एक छोटा, तिसरा नाही. दोघांची जातकुळी वेगळी हवी: तलवारीचा मोठा असेल तर छोटा कोड्यांचा. दोन वेगळ्या कन्सोलवर तर आणखी जपून, कारण निन्टेन्डोचं ‘ए’ बटण उजवीकडे असतं आणि एक्सबॉक्सचं ‘ए’ खाली. आठवडाभर बोटं उलटी पडतात. छोट्यांत ‘जर्नी’ दोन तासांचा, ‘पोर्टल’ तीन-चार तासांचा. आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा २०२० चा ‘राजी’ कुणाच्या यादीत पडून असेल तर या शनिवारी-रविवारी संपवा, पाच-सहा तासांचा आहे. आपल्या गावात घडलेला गेम लायब्ररीत न उघडलेला पडून राहतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

इन्स्टॉल तीनच ठेवा. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ एकटाच सुमारे १५० जीबी घेतो. ५० एमबीपीएसच्या लाइनवर १०० जीबी उतरायला साडेचार तास लागतात, म्हणून पुढचा गेम आदल्या रात्री लावून ठेवा. घरात दुसऱ्या संगणकावर तो आधीच असेल तर स्टीम २०२३ पासून घरच्या नेटवर्कवरूनच फाइली घेतं, ती सेटिंग चालू करा.

सेलमध्ये घेतलेला गेम पहिल्या आठवड्यातच तासभर चालवा. स्टीमवर पैसे परत मिळतात ते १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच. ढिगात टाकलात की तो हक्क गेला. संगणकाला पेलत नाही, कंट्रोलर ओळखत नाही, अक्षरं बारीक आहेत, हे सगळं त्या एका तासात कळतं.

नको असलेले गेम लपवा. स्टीमवर उजव्या क्लिकने ‘हाइड’ होतो, पुसला जात नाही, मन बदललं तर परत आणता येतो. अनेक दुकानांत विखुरले असतील तर प्लेनाइट हे मोफत सॉफ्टवेअर सगळे एका यादीत दाखवतं.

शेवटचं, आणि हे विसरू नका, कारण इथे चाळीस तास एका क्लिकने जातात. बऱ्याच दिवसांनी जुना गेम उघडला की कधी कधी खिडकी येते: संगणकावरचं सेव्ह आणि क्लाउडवरचं, म्हणजे इंटरनेटवर ठेवलेलं, सेव्ह वेगळं आहे, कोणतं ठेवायचं? घाईने दाबू नका. दोन्हींच्या तारखा वाचा. नवीन तारीख म्हणजे पुढचा खेळ असंही नाही. तुम्ही नुकताच गेम पुन्हा इन्स्टॉल करून नवा खेळ सुरू केला असेल, तर नवीन तारखेचं सेव्ह पहिल्या पाच मिनिटांचं असतं. म्हणून खिडकी तशीच बंद करा, सेव्हचा फोल्डर शोधा, तो पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर प्रत्येक गेमच्या पानावर दिलेला असतो, त्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, आणि मगच गेम पुन्हा उघडून निवड करा.

हं, उभ्या असलेल्या ताई, तुमचा प्रश्न घेऊ या.