नकाशा पक्का होण्याआधी

मंडळी, पुनर्विकासाच्या सभेत लोक चिडले की ‘यांना विकासच नको’ असं बोललं जातं. मला हे मान्य नाही. बहुतेक वेळा त्यांना फार उशिरा बोलावलेलं असतं. आराखडा झालेला, रस्त्याची रुंदी ठरलेली, निविदेचा मसुदा तयार. विचारायला उरतो फक्त बाकांचा रंग!

अमेरिकेतल्या नियोजन-अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. माहिती देणं, सल्ला घेणं, समजूत काढणं या मधल्या तीन पायऱ्या त्यांनी नाममात्रच ठरवल्या. खरा अधिकार भागीदारीपासून वर सुरू होतो. म्हणून पहिल्या सभेआधी एक कागद काढा: काय ठरलंय, काय अजून खुलं आहे. खुलं काहीच नसेल तर सभा बोलावू नका, सरळ माहिती द्या.

मग घरोघर पाहणी. मालकांच्या यादीवर थांबलात तर भाडेकरू, पोटभाडेकरू, माळ्यावरचे कारागीर, फेरीवाले, सगळे गळतात. आणि हलवलं जातं आधी यांनाच. दिवसा एक फेरी, रात्री कामावरून लोक परतल्यावर दुसरी.

नकाशा फार थोड्यांना वाचता येतो. प्रतिकृती सगळ्यांना कळते. १:२०० प्रमाण घ्या, म्हणजे एक मीटरला पाच मिलिमीटर. सहा मीटरची गल्ली तीन सेंटिमीटरची होते. तिच्या दोन्ही कडांना एकेक सेंटिमीटर रुंदीच्या पुठ्ठ्याच्या मोटारी लावा. मध्ये उरतो एक सेंटिमीटर. आता अग्निशमन बंब ठेवा, अडीच मीटर म्हणजे साडेबारा मिलिमीटर. तो अडकतो. वाहनतळाचा वाद तिथल्या तिथे वेगळं वळण घेतो, कारण अडचण आता कुणा अधिकाऱ्याच्या तोंडून आलेली नसते, लोकांच्याच हाताखाली असते. सूचना चिठ्ठ्यांवर लिहून प्रतिकृतीवर त्या त्या जागी ठेवायला सांगा. माईक धरून बसणाऱ्या चौघांचं मग फारसं चालत नाही, गप्प बसणाऱ्या बाईची चिठ्ठीही तितकीच दिसते.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण तिथेच सगळं फसतं. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक द्या. समोर लिहा: स्वीकारली, अंशतः स्वीकारली की नाकारली, आणि का. तीन आठवड्यांत ही नोंद वस्तीतच लावा. नाकारलेलं लोक पचवतात, उत्तरच न येणं पचवत नाहीत. दुसऱ्या सभेला खुर्च्या रिकाम्या दिसतात त्या यामुळे.

बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात सरसकट पाडापाडीविरुद्ध मोठा लढा झाला, लोकांनी रिकामी घरं ताब्यात घेतली. १९८३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ‘सावध नूतनीकरणा’च्या बारा तत्त्वांची दखल घेतली. पहिलं तत्त्वच असं की सध्याचे रहिवासी आणि व्यावसायिक यांच्यासह आखणी करायची आणि असलेल्या इमारती शक्यतो राखायच्या. दुरुस्ती टप्प्याटप्प्याने, म्हणजे माणसं शक्यतो तिथेच राहतात.

स्थलांतर टळतच नसेल, तर परतीची तारीख, तोवरचं भाडं कोण भरणार आणि परत मिळणारी जागा, हे तिन्ही नावानिशी लेखी हातात पडल्याशिवाय पहिलं घर रिकामं करून घेऊ नका.