परवाना पहिल्याच दिवशी

मित्रहो, सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी ठेवला की तो आपोआप मुक्त होतो, अशी समजूत मला अनेक जाणत्या प्रोग्रामरांमध्येही आढळली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. कॉपीराइटविषयक आंतरराष्ट्रीय बर्न करारातील तत्त्व असे आहे की एखादी कृती लिहिली जाताच तिच्यावर लेखकाचा कॉपीराइट लागू होतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही की तशी सूचना छापावी लागत नाही. त्यामुळे परवाना, म्हणजे वापराची परवानगी व अटी सांगणारा मजकूर, न जोडलेला कोड इतरांना वाचता येतो, पण त्याची प्रत करून वापरण्याचा, त्यात बदल करण्याचा किंवा तो पुढे वाटण्याचा अधिकार त्यांना मिळत नाही. आपण उदार मनाने खुला ठेवलेला प्रकल्प एखादी सावध संस्था केवळ या कारणाने बाजूला ठेवते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

परवाने शेकड्यांनी आहेत, पण निवडीचा गाभा एका प्रश्नात आहे आणि तो कायद्यापेक्षा स्वतःच्या मनाला विचारायचा आहे. उद्या एखाद्या कंपनीने तुमचा कोड उचलला, त्यात सुधारणा केल्या, ते बंदिस्त उत्पादन म्हणून विकले आणि तुम्हाला एक ओळही परत दिली नाही, तर तुम्हाला ते सहन होईल का? उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. ‘काही हरकत नाही’ असे आज उत्साहात म्हणणारे लेखक दोन-तीन वर्षांनी मनातून दुखावलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याच परवान्याने दिलेल्या परवानगीबद्दल त्यांना तक्रार करण्याची सोय उरलेली नसते.

ज्यांना ते खरोखर सहन होईल त्यांच्यासाठी एमआयटी किंवा बीएसडी परवाना पुरेसा आहे. एमआयटीचा मजकूर जेमतेम एका पानाचा असून कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा एवढीच त्याची अट आहे, आणि कोडची कोणतीही हमी लेखक देत नाही हेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. २००४ साली आलेला अपाची २.० याच उदार वृत्तीचा आहे, पण तो पेटंटविषयी बोलतो: योगदान देणारा प्रत्येकजण त्या योगदानाला लागू पडणाऱ्या आपल्या पेटंटांचा वापर करण्याची मुभा देतो, आणि त्या सॉफ्टवेअरने आपल्या पेटंटचा भंग होतो असा दावा जो न्यायालयात करील त्याची ही मुभा संपते. जिथे मोठ्या कंपन्यांचे अभियंते योगदान देणार आहेत अशा प्रकल्पाला मी एमआयटीपेक्षा अपाची सुचवतो, कारण तिथे पेटंटचा धोका केवळ काल्पनिक नसतो.

ज्यांना ते सहन होणार नाही त्यांच्यासाठी कॉपीलेफ्ट आहे. त्यातला प्रमुख परवाना जीपीएल इतकेच सांगतो की हे सॉफ्टवेअर, मूळ किंवा बदललेले, तुम्ही दुसऱ्याला दिलेत तर सोर्स कोड आणि हेच हक्कही त्याला द्या. ही अट कागदावरच राहते असे म्हणणाऱ्यांनी लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा इतिहास पाहावा. त्याच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे उपकरणातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, जीपीएलखालील लिनक्स असल्याचे २००३ मध्ये उघड झाले, जीपीएलमुळे सोर्स कोड प्रसिद्ध करावा लागला आणि त्या कोडमधून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला, जो आज कितीतरी वेगवेगळ्या राउटरांवर चालतो. मूळ कोडला एमआयटी परवाना असता, तर तो कोड खुला करा असे म्हणण्याचा हक्क कोणालाच नसता.

तरीही कॉपीलेफ्ट सर्वत्र योग्य ठरतो असे मी म्हणणार नाही. ऑग व्हॉर्बिस या ध्वनिस्वरूपाच्या लायब्ररींचा, म्हणजे इतर प्रोग्रामांत वापरायच्या तयार कोडचा, परवाना २००१ साली एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य रूपावरून बीएसडी पद्धतीचा करण्यात आला तेव्हा कॉपीलेफ्टचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनीच त्याला पाठिंबा दिला होता. पेटंटमध्ये अडकलेल्या एमपी३ला पर्याय उभा करायचा तर व्हॉर्बिस प्रत्येक उपकरणात, बंदिस्त उपकरणातसुद्धा, पोहोचणे आवश्यक होते. प्रसार हाच हेतू असेल तिथे अट कमी ठेवावी, हा त्यातला विचार मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. एलजीपीएल आणि मोझिलाचा एमपीएल हे मधले मार्ग आहेत. एमपीएलचे बंधन मूळ फाइलींपुरते राहते, सोबतच्या इतर फाइलींवर जात नाही.

जीपीएलचे बंधन सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिल्यावरच लागते. आपल्याच सर्व्हरवर चालवून केवळ सेवा विकणाऱ्याला ते लागू होत नाही, आणि ही फट बुजवण्यासाठी २००७ साली जीपीएलसारख्याच एजीपीएल परवान्याची तिसरी आवृत्ती आली. या फटीची किंमत काहींना उशिरा कळली. इलॅस्टिकसर्च हे माहिती शोधण्याचे सॉफ्टवेअर अपाची परवान्याखाली होते. इतर कंपन्या त्याची सेवा विकू लागल्यावर २०२१ मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीने ते अधिक कडक परवान्यांखाली नेले, ज्यांना ओपन सोर्स परवाने तपासणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेची मान्यता नाही. लगेच जुन्या कोडमधून ओपनसर्च हा फोर्क, म्हणजे वेगळा फुटलेला प्रकल्प, निघाला आणि २०२४ मध्ये कंपनीने एजीपीएलचाही पर्याय दिला. एकदा दिलेली परवानगी जुन्या आवृत्तींपुरती परत घेता येत नाही, हे त्या फोर्कनेच दाखवून दिले.

म्हणूनच निर्णय पहिल्या दिवशी घ्यावा, असा माझा आग्रह आहे. दुसऱ्याचा पहिला पॅच, म्हणजे त्याने पाठवलेला कोडमधील बदल, स्वीकारला की त्या ओळींचा कॉपीराइट त्याचा असतो, आणि तो करारान्वये आधीच घेतला नसेल, तर परवाना बदलण्यासाठी त्याची संमती लागते. इंटरनेटवरील संवाद सुरक्षित करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीला अपाची २.० कडे जायचे होते. त्यासाठी २०१७ मध्ये सुमारे ४०० योगदानकर्त्यांशी संपर्क साधण्याची मोहीम सुरू झाली, आणि नव्या परवान्याची ३.० आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. जीपीएलची दुसरी आणि तिसरी आवृत्ती यांतील निवडही अशीच मागे फिरवायला कठीण असते. ‘किंवा पुढील कोणतीही आवृत्ती’ हे शब्द नसलेला दुसऱ्या आवृत्तीचा कोड अपाची २.० च्या कोडबरोबर एकाच प्रोग्राममध्ये वाटता येत नाही. तिसऱ्या आवृत्तीबाबत ही अडचण नाही. तेव्हा ज्या लायब्ररींवर तुमचा प्रकल्प उभा आहे त्यांचे परवाने आधी वाचा.

आणि स्वतःचा परवाना लिहू नका. जेसन (JSON) या माहिती मांडण्याच्या स्वरूपाच्या मूळ सॉफ्टवेअरच्या परवान्यात ‘हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नव्हे’ अशी ओळ होती. हेतू निर्मळ होता, पण चांगले काय हे ठरवणार कोण, याचे उत्तर त्या ओळीत नव्हते. परिणामी केवळ मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारणाऱ्या डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पाने त्या परवान्याचा कोड मुक्त मानला नाही आणि अनेक प्रकल्पांना तो काढून दुसरा लिहावा लागला.