बिलियनवर किती शून्यं?

नमस्कार. आकडे तुम्हा सगळ्यांना येतात, ते मी शिकवणार नाही. इंग्रजीत आकड्यांना जी नावं पडली आहेत ती किती बेभरवशाची आहेत, एवढंच आज सांगायचं आहे.

'इलेव्हन'पासूनच बघा. थर्टीन, फोर्टीन यांच्या शेपटीला 'टीन' म्हणजे दहा उघड दिसतात. इलेव्हन आणि ट्वेल्व्हमध्ये मात्र दहाचा पत्ता नाही. मुळात हे शब्द 'एक उरला' आणि 'दोन उरले' असे आहेत. दहा मोजून झाले, वर एक उरला. कशातून उरला, ते सांगायची कुणाला गरजच वाटली नाही! आपल्या 'एकोणीस'ची तऱ्हा उलटी, विसाला एक कमी. इंग्रजी मागचं उरलेलं मोजते, मराठी पुढचं कमी पडलेलं.

'स्कोअर'चा मूळ अर्थ खाच. काठीवर खाचा पाडून मोजताना विसाला एक खाच, म्हणून स्कोअर म्हणजे वीस. लिंकनचं १८६३ सालचं गेटिसबर्गचं भाषण 'फोर स्कोअर अँड सेव्हन' या शब्दांनी सुरू होतं. चार विसा आणि सात, म्हणजे ८७. वजाबाकी करा, १७७६ येतं, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल. खेळातला स्कोअरही त्याच खाचेतून आला.

'हंड्रेड' तरी पक्का असेल म्हणाल, तर तोही नाही. जुन्या काळी १२० चा 'लाँग हंड्रेड' चालत असे, आणि ब्रिटनमधलं हंड्रेडवेट ११२ पौंडांचं आहे.

पण खरा घोळ बिलियनचा. पंधराव्या शतकात फ्रेंच गणिती निकोला श्युके यानं या मोठ्या संख्यांची नावं लिहून ठेवली, तेव्हा त्यामागे एक हिशेब होता. 'बाय' म्हणजे दोन. मिलियनला मिलियननं एकदा गुणलं की बिलियन, म्हणजे एकावर बारा शून्यं. ब्रिटनमध्ये हाच अर्थ होता. अमेरिकेत मात्र हजार मिलियनला, एकावर नऊ शून्यांना, बिलियन म्हणू लागले. एकच शब्द, एकच भाषा, आणि फरक हजारपट! शेवटी २० डिसेंबर १९७४ रोजी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी ब्रिटिश संसदेत लेखी उत्तर दिलं, की सरकार यापुढे बिलियन हा शब्द नऊ शून्यांच्याच अर्थानं वापरील. नावातल्या 'दोन'ला त्यामुळे काही अर्थ उरला नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं. म्हणून जुनं ब्रिटिश पुस्तक हातात आलं तर आधी प्रकाशनाचं साल बघा, मग शून्यं मोजा. जर्मनमधून अनुवाद करणाऱ्यांनी तर अजूनही जपून असावं. तिथला 'बिलिओन' आजही बारा शून्यांचा आहे, नऊ शून्यांना ते 'मिलियार्ड' म्हणतात.

'नून' म्हणजे मुळात नववा तास. सूर्योदयापासून मोजला तर दुपारी तीनच्या सुमाराचा. तो सरकत सरकत बारावर आला, आणि नऊ कुठल्या कुठे राहिले.

आता वापराचं थोडं. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांत संख्या बदलत नाही, बोलणाऱ्याचा सूर बदलतो. पाच माणसं आली तर 'फ्यू' म्हणजे 'पाचच आली', आणि 'अ फ्यू' म्हणजे 'पाच तरी आली'. आपल्या 'च' आणि 'तरी'चं काम तिथे एवढासा 'अ' करतो. 'अ नंबर ऑफ'पुढे क्रियापद अनेकवचनी, 'द नंबर ऑफ'पुढे एकवचनी. कारण पहिल्यात आपण माणसांबद्दल बोलतो, दुसऱ्यात आकड्याबद्दल. 'अम्प्टीन', म्हणजे 'कितीतरी', हा माझा आवडता. शेपटी टीनची, पण आकडाच नाही. आपल्या 'सतराशे साठ भानगडीं'सारखा, फक्त आपण निदान आकडा तरी देतो.

बिलियनमधला तो 'बाय' आणखी एका ठिकाणी दगा देतो. 'बायवीकली' म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? शब्दकोश दोन्ही अर्थ देतात. वर्षांच्या बाबतीत निदान दोन शब्द आहेत: 'बायॲन्युअल' वर्षातून दोनदा, 'बायेनिअल' दोन वर्षांतून एकदा. पण घाईत वाचणारा त्यांतही फसतो. 'फोर्टनाइटली' लिहिलं तर गोंधळ नाही, फोर्टनाइट म्हणजे चौदा रात्री. मात्र अमेरिकन माणसाच्या तोंडी हा शब्द फारसा नसतो. त्याला पत्र लिहायचं असेल तर सरळ 'एव्हरी टू वीक्स' लिहा आणि खाली तारीखही टाका.