जुबातली बारीकसारीक कामं

नमस्कार मंडळी. इथल्या नैरोबीच्या मंडळाच्या काकूंनी फोनवर मला विषय दिला होता ‘परदेशातील सेवाकार्याचे अनुभव’, अन् मी हो हो म्हटलं, पण खरं सांगू का, सेवाकार्यावर बोलायला माझ्याकडे फार काही नाही. मी फार्मासिस्ट, घर नागपूरला महालात. एका आरोग्य संस्थेच्या मिशनवर औषधांचा साठा सांभाळायला दक्षिण सुदानला गेले, जुबाला. औषधांचं काम जमून गेलं, ते शिकूनच गेले होते ना. जीव काढला तो बाकीच्या कामांनी. पाणी, सुट्टे पैसे, सिमकार्ड, शिक्के, सिलिंडर. यावर कोणी भाषण करत नाही कारण ऐकायला भारी वाटत नाही, तर आज मी तेवढंच बोलणार आहे, काकू, रागावू नका.

पहिलं म्हणजे पैसे. तुम्ही नैरोबीकर 2007 पासून एमपेसा वापरताय, भाजीवालीला पण मोबाइलवरून पैसे देता, तुम्हाला हे पटायचं नाही. जुबात डॉलर चालतो पण नोटेची आधी मुलगी पाहायला आल्यासारखी तपासणी होते. जुन्या सालची छपाई असेल तर भाव कमी नाहीतर सरळ परत, 100 ची नोट निळ्या पट्टीवाली पाहिजे, घडीची रेघ नको, शाईचा ठिपका नको, कोपरा दुमडलेला नको, आणि 10-20 च्या नोटांना 100 च्या नोटेपेक्षा भाव कमी. काहून, ते विचारायचं नाही. आता नागपूरहून निघताना ज्या मनी चेंजरकडून मी डॉलर घेतले त्या भल्या माणसाने सगळ्या नोटा पाकिटात घालून वरून खटकन स्टेपल मारून दिल्या, आपली जुनी सवय ना, गड्डी म्हटली की पिन. जुबाच्या बाजारात पोरगा माझी नोट उन्हात धरतो, त्या दोन बारीक भोकांमधून माझ्याकडे पाहतो आणि हसून नोट परत करतो. आपल्याकडे फाटकी नोट कमिशन कापून घेणारा कोणीतरी कुठेतरी बसलेला असतोच, तिथे तसाही कोणी सापडला नाही. ते पाकीट मग सुट्टीत इथे नैरोबीत आणून बदललं.

आणि डॉलर मोडले की दुसरा प्रश्न. 2011 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा डॉलरला तिथले 3 पौंडांच्या आसपास मिळायचे म्हणतात, मग डिसेंबर 2015 ला सरकारने भाव मोकळा सोडला तर एका झटक्यात 18 च्या वर, आणि माझ्या वेळेपर्यंत तो हजारांत गेलेला. म्हणजे 100 डॉलर मोडायला जाताना पर्स नाही, कापडी पिशवी न्यायची. रबर लावलेल्या नोटांचे गठ्ठे टेबलावर उघड्यावर रचलेले, आणि लोक नोटा नाही, गठ्ठेच मोजून घेतात. मी एक गठ्ठा सोडून मोजायला लागले तर मागच्या बाईने असा सुस्कारा टाकला की सीताबर्डीच्या गर्दीची आठवण झाली. त्या पिशवीतून मग कोण्योकोण्यो बाजारात कांदे-टमाटे घ्यायचे, ते पण युगांडाहून सीमेवरच्या निमुलेच्या रस्त्याने आलेले, रस्त्यावर काही गडबड झाली की दुसऱ्या दिवशी कांद्याचा भाव तुम्हाला बातमी सांगतो.

पाणी. नाईलच्या काठावरचं शहर, तुमच्या व्हिक्टोरिया सरोवराचंच पाणी युगांडातून वाहत तिथे येतं, पण घरोघरी नळ नाही. निळे टँकर नदीवरून भरून गावभर फिरतात. इथे मात्र माझं नागपूरपण कामी आलं बरं का. उन्हाळ्यात टँकर कसा मागवायचा हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आमचे युरोपियन सहकारी कॉन्ट्रॅक्टची कॉपी काढून ई-मेलवर ई-मेल करत बसायचे, मी म्हटलं बाप्पा, ड्रायव्हरचा नंबर घ्या ना. आमच्या स्टोअरकीपरने नंबर काढून दिला. त्यांना सगळे अंकल म्हणायचे, मीही. जुबाचेच, साठीच्या पुढचे, गावातला प्रत्येक ड्रायव्हर, वायरमन अन् गेटवरचा शिपाई ओळखणारे. मिशनच्या कागदावर त्यांचं काम फक्त स्टोअरचं होतं पण खरं म्हणजे आमचं अर्धं मिशन त्या माणसाच्या ओळखींवर चालायचं, हे कुठल्या रिपोर्टात आलं नाही, म्हणून इथे सांगते.

आईचा त्रास वेगळाच. “फोटो पाठव ना गं, बाजाराचा पाठव, नदीचा पाठव.” आता तिथे रस्त्यावर परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही, मोबाइल वर उचलला की कोणीतरी येऊन हात धरणार. आईला पटेना. तिचं म्हणणं, सगळ्यांच्या मुली फॉरेनहून फोटो टाकतात, तूच काय लपवून राहिली? शेवटी मी खोलीतला पंखा, ताटातला भाजी समजून आणलेला कोणतातरी पाला आणि गेटच्या आतलं आंब्याचं झाड एवढेच फोटो पाठवत राहिले. आंबे मात्र रग्गड. एप्रिल-मेमध्ये रात्री पत्र्यावर धडाधड पडतात, झोप लागत नाही.

तुम्हाला चिखलाचं सांगायचं राहिलंच. जुबा सोडून उत्तरेला आमचे दवाखाने होते, अन् तिथली जमीन म्हणजे काळी कापसाची माती, अगदी आपल्या वर्धा-यवतमाळची. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा, पावसात गमबूट जमिनीत राहतो आणि पाय तेवढा वर येतो. मामाच्या शेतात हे लहानपणीच करून झालेलं, त्यामुळे मी चपला हातात घेऊन निघायचे आणि बाकीचे बूट शोधत राहायचे. पण गंमत तेवढीच. साधारण मे ते ऑक्टोबर रस्ते बंद, धावपट्टी मातीची, ती ओली असली की विमान उतरत नाही, आणि माझ्याकडे खोक्यात ऑक्सिटोसिन, बाळंतपणानंतर रक्त जास्त जाऊ नये म्हणून देतात ते, त्याला 2 ते 8 अंशातच ठेवायचं. सकाळी बर्फाच्या पिशव्या लावून विमानतळावर जायचं, दुपारी कळणार की फ्लाइट रद्द, परत यायचं, सगळं फ्रिजमध्ये, पिशव्या पुन्हा गोठवायला, जनरेटरला डिझेल आहे का ते बघायचं, दुसऱ्या दिवशी तेच. तिथे दवाखान्यातली नर्स रेडिओवर रोज विचारायची आणि मी रोज म्हणायचे उद्या. त्या ‘उद्या’चा मला जेवढा राग आला तेवढा कशाचाच नाही, अजून येतो.

बाकी शिक्के-बिक्के काय, ते सगळीकडे सारखेच. एका ऑफिसात साहेब असले तर शिक्का नाही, शिक्का असला तर साहेब नाहीत. अन् जुबाचं घड्याळ 1 फेब्रुवारी 2021 पासून नैरोबीच्या एक तास मागे गेलंय, तुमच्यापैकी जे तिकडे ऑनलाइन मीटिंगा लावतात त्यांनी लक्षात ठेवा, पलीकडचा माणूस तुमच्या हिशोबाने लवकर उठून बसतो. आणि तिकडून भारतात परतायचं असेल तर यलो फीव्हरच्या लसीचं पिवळं पुस्तक पासपोर्टसोबतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. ते दाखवता आलं नाही तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात लस घेऊन भागत नाही, ती प्रवासाच्या दहा दिवस आधी घेतलेली लागते.

आता काम. मंडळातले दोघं-तिघं दर महिन्याला जुबाला जातात असं मघाशी चहाच्या वेळी कळलं. अंकलचा चष्मा फुटलाय, तिथे मिळतो तो धड बसत नाही म्हणे, मी डायमंड प्लाझातून दोन घेऊन ठेवलेत, शिवाय बीपीच्या मशीनचे सेल आणि सावजी मसाल्याचं एक पाकीट, ते त्यांना आवडायचं, डोळ्यात पाणी येईस्तोवर खायचे. सगळं मिळून किलोभर पण नाही. ज्यांना जमेल त्यांनी जेवणाआधी मला भेटा, मी तिकडे पाण्याच्या टेबलाजवळ आहे.