एकच वाइन, वेगवेगळी नाकं

[लांब टेबल. कापडी पिशव्यांत झाकलेल्या बाटल्या. प्रत्येकीच्या गळ्यात फक्त एक आकडा.]

प्रत्येकाने एक बाटली आणायची, पिशवीत घालूनच आणायची, आणि सगळ्यांचं चाखून होईपर्यंत तिचं नाव काढायचं नाही. वाइनचे शौकीन एकत्र बसले की बरेचदा पहिला नियम हाच असतो.

झाकायचं कशाला? कारण डोळे आधीच निकाल देऊन मोकळे होतात आणि नाक निमूटपणे त्यांच्या मागे जातं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढे एक पांढरी आणि एक लाल वाइन ठेवली. प्रत्यक्षात दोन्ही ग्लासांत एकच पांढरी वाइन होती, एकीत वास नसलेला लाल रंग मिसळलेला. विद्यार्थ्यांनी त्या रंगवलेल्या वाइनचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. वास ओळखणं हाच ज्यांचा अभ्यास, त्यांची ही गत.

स्टीव्हन स्पुरियर हा पॅरिसमध्ये दुकान चालवणारा इंग्रज वाइन-विक्रेता. त्याने २४ मे १९७६ रोजी नामवंत फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या मातब्बर वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नाव न सांगता मांडल्या. पांढऱ्यांत पहिली आली शातो मॉन्टेलेना या उत्पादकाची शार्डने द्राक्षाची १९७३ची वाइन, लालमध्ये स्टॅग्स लीप वाइन सेलर्सची कॅबर्ने सॉव्हिन्यों द्राक्षाची १९७३ची. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. लेबलं दिसत असती तर हा निकाल लागला असता, असं मला वाटत नाही.

[ग्लासचा जवळून शॉट. वाइन तळाशी, दोन बोटं.]

ग्लास भरायचा नाही. आधी न हलवता वास घ्यायचा, लगेच उडून जाणारे हलके गंध तेव्हाच हाती लागतात. मग ग्लास गोल फिरवायचा आणि पुन्हा नाक आत. घोट तोंडभर फिरू द्यायचा, ओठांच्या फटीतून थोडी हवा आत ओढायची. आपण जिला वाइनची चव म्हणतो तिचा मोठा भाग खरं तर वासच असतो, तो घशामागून नाकात चढतो. जिभेला कळतो आंबटपणा, गोडी, कडवटपणा. हिरड्या कोरड्या पडतात ते टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. पाच-सहा बाटल्या चाखायच्या असतील तर घोट थुंकून टाकावा. त्यात बाटली आणणाऱ्याचा अपमान नाही, उलट शेवटच्या ग्लासालाही पहिल्याइतकंच लक्ष मिळतं.

[पिशवी क्रमांक चार. गडद, जांभळट वाइन.]

एक बाई वास घेताच म्हणतात, "काळी मिरी! नुकती कुटलेली." शेजारचे गृहस्थ दोनदा, तीनदा नाक घालतात. "मला तर नुसती फळं येतायत. मिरी कुठाय?"

दोघंही बरोबर आहेत. शिराझ द्राक्षातला हा मिरीचा वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा, आणि खऱ्या मिरीतही तेच असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली याचा छडा लावला. त्यांच्या चाचण्यांत आणखी एक गोष्ट पुढे आली: साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नव्हता, मात्रा भरपूर वाढवली तरीही. म्हणजे त्या गृहस्थांना सराव कमी आहे असं मुळीच नाही, त्यांच्यापुरती या वाइनमध्ये मिरी नाहीच.

वाइनवरच्या सगळ्या गप्पांत हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे, असं मी मानतो. दुसऱ्याचं मत ऐकायचं ते आधी त्याचं नाक आपल्याशी जुळतं का, हे पाहण्यासाठी. ज्याला आवडलेल्या बाटल्या आपल्यालाही आवडतात, अशा एका माणसाची शिफारस परीक्षकांनी दिलेल्या शंभरपैकी पंच्याण्णव गुणांच्या चिठ्ठीहून कामाची. न जुळणारं नाकही उपयोगी पडतं. ओक लाकडाच्या पिंपातून येणारा व्हॅनिलाचा वास ज्याला फार प्रिय आणि आपल्याला जड जातो, त्याने भरभरून स्तुती केली की ती बाटली सोडावी.

गुणांचं म्हणाल, तर रॉबर्ट हॉजसन या वाइन-उत्पादकांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली. साधारण दहातला एकच परीक्षक तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देऊ शकला.

म्हणून टिपण लिहिताना "अप्रतिम", "शाही" हे शब्द बाजूला ठेवावेत. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात ॲन नोबल यांनी १९८०च्या दशकात गंधांचं चक्र तयार केलं तेही नेमक्या शब्दांसाठीच: आतल्या वर्तुळात फळ, फूल, मसाला असे ढोबळ गट, बाहेरच्या वर्तुळात लिंबू, गुलाब, लवंग. "हिरव्या ढोबळी मिरचीचा वास, आंबटपणा चढा, टॅनिन खरखरीत, चव लवकर संपते." एवढ्या एका ओळीवर तिसरा माणूस बाटली घ्यायची की नाही ते ठरवू शकतो.

[बुचाचा जवळून शॉट.]

कधी एखाद्या बाटलीला वासच नसतो. फळं दबलेली, मागे ओल्या पुठ्ठ्याचा दर्प. हा दोष टीसीए या संयुगाचा, बहुधा बुचातून आलेला. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात आणि महागातली महाग बाटलीही त्यातून सुटत नाही. अशा वेळी वाइनला वाईट ठरवू नका, ती बाटली वाईट निघाली आहे. बूच पुन्हा लावून दुकानात परत न्या, चांगला विक्रेता बदलून देतो.

आता खरेदी. बाटली हातात घेण्याआधी ती कुठे उभी होती ते बघा. काचेच्या दर्शनी कपाटात, दिव्याच्या झोतात असलेली पारदर्शक बाटली नको. उजेडाने वाइनमध्ये गंधकाची संयुगं तयार होतात आणि उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. बूच वर सरकलेलं असेल, गळ्यावर चिकट ओघळ असेल, तर बाटली बहुधा तापलेली आहे.

बाटलीच्या वजनाला भुलू नका. लेबलवरच्या "रिझर्व्ह"चंही तसंच. स्पेनच्या रियोहा प्रांतात लाल "रेसेर्वा" किमान तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं निदान एक वर्ष ओकच्या पिंपात. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत मात्र या शब्दाची व्याख्याच नाही. जुनी तितकी चांगली हाही गैरसमज, बहुतेक वाइन ताज्या असतानाच प्यायला केलेल्या असतात.

कमी पैशांत चांगली बाटली हवी असेल तर नामांकित गावाचा शेजारी शोधा. फ्रान्समधल्या रोन नदीकाठची एर्मिताज टेकडी प्रसिद्ध आणि महाग. तिच्या भोवतालच्या क्रोझ-एर्मिताजमध्ये लाल वाइनचं द्राक्ष तेच सिरा, म्हणजे आपलं मघाचं शिराझ, आणि किंमत बरीच उतरलेली. फ्रान्सच्याच लुआर खोऱ्यात नामांकित सांसेरला लागून मनतू-सालों आहे, दोन्हीकडची पांढरी वाइन सॉव्हिन्यों ब्लां द्राक्षाची. बोर्दोत मोठ्या शातोंची, म्हणजे वाइन करणाऱ्या मळ्यांची, "दुसरी वाइन" विचारावी, म्हणजे मुख्य वाइनच्या खालोखालची, वेगळ्या नावाची. शातो लातूरची ले फोर द लातूर तीच, मात्र तीही आता स्वस्त राहिलेली नाही.

आणि विक्रेत्याला "काहीतरी चांगलं द्या" म्हणू नका. आधी किती खर्च करायचा ते सांगा. मग मागच्या वेळी आवडलेल्या बाटलीचं लेबल फोनवर दाखवा. त्याच्याही आधी, न आवडलेल्या बाटलीचं दाखवा आणि नेमकं काय खटकलं ते आपल्या शब्दांत सांगा: फार तुरट, फार गोड, लाकडाचा वास जास्त. दहा-बारा बाटल्या तिथल्या तिथे बाजूला पडतात, आणि उरलेल्यांबद्दल विक्रेता मोकळेपणाने बोलू लागतो.